वाचक विचारतात : स्पेत्सेसवरचं ते मोठं हॉटेल

मागच्या अंकात मी ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावर, पोसिदोनियन ग्रँड हॉटेलात काढलेल्या तीन रात्रींबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. ह्यांची ग्रीसला जायची फार दिवसांची इच्छा आहे. तुम्ही लिहिलेल्या हॉटेलचं एका रात्रीचं भाडं बघितलं आणि छातीत धस्स झालं. मुलगा म्हणतो, तेवढ्यात त्याच बेटावर साध्या खोलीत चार-पाच दिवस निघतील. खरंच एवढे पैसे घालावेत का?

मुलाचा हिशेब चुकीचा नाही. तरी मी म्हणेन, दोन रात्री तिथे राहाच, उरलेले दिवस साध्या खोलीत काढा. माझ्या फक्त दोन अटी आहेत. खोली जुन्या इमारतीत आणि समुद्राच्या बाजूची घ्या. आणि त्या दोन दिवसांत दुसरं काहीही बघायला जाऊ नका.

पहिली अट मी ठेच खाऊन शिकले. माझं आरक्षण ज्याने करून दिलं त्याने हॉटेलचं नाव तेवढं बघितलं आणि मागच्या नव्या भागातली, पोहण्याच्या तलावाजवळची खोली घेतली. खोली छान होती, पलंग मऊ होता, पण तशी खोली जगात कुठेही मिळाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वागतकक्षात जाऊन मी विनंती केली. वरचे पैसे भरले आणि उरलेल्या दोन रात्रींसाठी जुन्या इमारतीतली, समुद्राकडची खोली मिळाली. तेव्हा आरक्षण करताना 'जुनी इमारत, समुद्राकडची खिडकी' हे शब्द लेखी घ्या. नुसत्या फोटोंवरून अंदाज बांधू नका.

आता ही इमारत एवढी महत्त्वाची का, ते सांगते. सोतिरिओस आनारगिरोस हा याच बेटावरचा मुलगा. अमेरिकेत गेला, तंबाखू आणि सिगारेटच्या धंद्यात गडगंज श्रीमंत झाला आणि परत आला. तोवर स्पेत्सेसची रया गेली होती. एके काळी इथल्या व्यापारी गलबतांनी नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांची नाकेबंदी चुकवून धान्य पोचवलं होतं आणि अमाप पैसा कमावला होता. तीच गलबतं तोफा चढवून तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याविरुद्धच्या १८२१च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात उतरली. बेटाने जहाजं दिली, माणसं दिली. पुढे वाफेच्या बोटी आल्या, अथेन्सजवळचं पिरेअस बंदर वाढलं आणि शिडाच्या गलबतांचं हे बेट मागे पडलं. आनारगिरोसने बेटावरची जवळजवळ निम्मी जमीन विकत घेतली. उजाड टेकड्यांवर पाइनची झाडं लावली. या बेटाचं प्राचीन नाव पित्युसा, म्हणजे पाइनवृक्षांचं बेट; ते नाव त्याने पुन्हा खरं केलं. मग अथेन्सच्या बड्या मंडळींनी उन्हाळ्यात इथे यावं म्हणून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या, नीस आणि कानमधल्या हॉटेलांच्या धर्तीवर पोसिदोनियन बांधलं. ते १९१४च्या उन्हाळ्यात उघडलं. त्याच उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटलं, हे मनात आलं की जिन्यावर पाय क्षणभर थांबतो.

नंतर या हॉटेलाने पडते दिवसही बघितले. मोठी दुरुस्ती करून ते २००९ साली पुन्हा उघडलं. माझी सारी नोकरी जुन्या सरकारी इमारतींच्या डागडुजीत गेली, त्यामुळे कुठेही गेले तरी मी आधी छताचे कोपरे आणि खिडक्यांच्या खालची ओल बघते. समुद्राची खारी हवा इमारतीची शत्रू. ती लोखंडाला गंज चढवते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि आतून गिलावा फोडून बाहेर येतं. रंगाचा हात वरचेवर द्यावा लागतो, लाकडाला तेलपाणी करावं लागतं. पाण्यापासून एका चौकाच्या अंतरावर शंभराहून अधिक वर्षं उभी असलेली इमारत नीटनेटकी दिसते तेव्हा तिच्यामागे कुणाचे तरी रोजचे हात असतात. मी सकाळी सहाला खाली उतरले तेव्हा एक माणूस व्हरांड्यातल्या खुर्च्यांचे पाय ओल्या फडक्याने पुसत होता, एकेक करून, चारही पाय. तुम्ही भाड्यात देता त्यातले काही पैसे त्या फडक्याचे आहेत. मला ते द्यायला आवडले.

आता दुसरी अट. बहुतेक लोक सामान टाकतात आणि होडी घेऊन किनारे बघायला पळतात. रात्री दमून येतात, झोपतात, सकाळी निघतात. तसं करायचं असेल तर खरंच साधी खोली घ्या. इथे पैसे द्यायचे ते दिवसभर इथेच असण्यासाठी.

इमारतीचं तोंड साधारण उत्तरेकडे आहे. समोर अरुंद समुद्र आणि पलीकडे पेलोपोनीसचा, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मोठ्या द्वीपकल्पाचा किनारा. उत्तरेकडे तोंड असल्यामुळे भर दुपारीही पुढच्या व्हरांड्यात सावली असते. सारं बेट तापून निघालेलं असताना तिथे वारा खेळत असतो. बांधणाऱ्याने हे जाणून केलं असणार. सकाळी नाश्त्याला लवकर जा, कठड्यालगतचं टेबल घ्या आणि तिथेच बसून राहा. कुणी उठवत नाही. माझा नाश्ता साडेदहापर्यंत चालला. कॉफी संपली होती, वहीत चार ओळी लिहून झाल्या होत्या आणि समोरून मासेमारीच्या होड्या परतत होत्या.

दुपारी तीन ते साडेपाच ही ग्रीसमध्ये उन्हाळ्यातली शांततेची वेळ. कायद्यानेच गोंगाटाला बंदी असते. खोलीत जा, लाकडी झडपा ओढून घ्या, फटींतून येणारा उजेड छतावर हलताना बघत पडून राहा. वीज नसताना या खोल्या थंड कशा ठेवत असत ते त्या अर्ध्या अंधारात आपोआप कळतं. मी खिडकी आणि झडप यांचा खेळ निदान दहा वेळा करून बघितला. यजमानांना असल्या गोष्टींचा कंटाळा असेल तर ते झोपतील, तीही चांगलीच गोष्ट आहे.

आणि संध्याकाळ. हॉटेलसमोरच्या चौकात लास्करिना बुबुलिनाचा पुतळा आहे. ही बाई १७७१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात जन्मली, दोनदा विधवा झाली, नवऱ्यांच्या मागे जहाजांचा धंदा सांभाळला आणि 'अगामेम्नोन' नावाचं लढाऊ जहाज स्वतःच्या पैशाने बांधून युद्धात उतरली. १८२५ साली घरगुती भांडणात, खिडकीत उभी असताना गोळी लागून गेली. सूर्य कलला की सगळं गाव या चौकात येतं. बेटावर खासगी मोटारींना जवळजवळ बंदीच आहे, त्यामुळे पोरं पुतळ्याभोवती सायकली फिरवतात, आज्या बाकांवर बसतात, घोडागाड्यांचे टाप वाजतात. मोटारसायकली मात्र आहेत आणि त्यांचा आवाज होतो, तो गृहीत धरा. हॉटेलच्या व्हरांड्यातून हे सगळं बघताना लक्षात येतं की आनारगिरोसने गावाकडे पाठ करून काही बांधलं नाही. पायऱ्या उतरलं की थेट गाव लागतं.

पैशाबद्दल आणखी दोन गोष्टी. ऑगस्टमध्ये आणि शनिवार-रविवारी अथेन्सची गर्दी लोटते आणि दर चढतात. मे महिना किंवा सप्टेंबरचे शेवटचे आठवडे बघा, तेही सोमवार ते गुरुवार. हिवाळ्यात हॉटेल बंद असतं. दुसरं म्हणजे ग्रीसमध्ये हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे, दर रात्रीला एक सरकारी कर द्यावा लागतो. २०२५पासून पंचतारांकित हॉटेलला एप्रिल ते ऑक्टोबर तो रात्रीला १५ युरो आहे. बऱ्याचदा तो आरक्षणाच्या रकमेत धरलेला नसतो आणि तिथे पोचल्यावर मागतात. अचानक मागितला की वाईट वाटतं, म्हणून आधीच बाजूला ठेवा.

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे हे आरक्षणाच्या वेळी अवश्य कळवा. संकोच करू नका.

माझी आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. मोटार नाही म्हणता, मग सामान घेऊन बेटावर पोचायचं कसं? हॉटेलात जिने फार आहेत का?

पिरेअस बंदरातून वेगवान प्रवासी बोटी सुटतात. वाटेत पोरोस, हायड्रा, एर्मिओनी अशी बंदरं घेत साधारण अडीच-तीन तासांत स्पेत्सेसला पोचवतात. या बोटी बंदिस्त असतात, विमानासारखी आसनं असतात. आईला बोट लागत असेल तर मधल्या भागातली, शक्यतो मागच्या बाजूची जागा घ्या. पुढे आदळआपट जास्त जाणवते. चढताना फळीवर गर्दी होते आणि सगळे घाई करतात. तुम्ही करू नका. आईचा हात धरून शेवटी चढा, बोट तुम्हाला सोडून जात नाही.

दुसरी वाट जमिनीवरून. पेलोपोनीसमधून कोस्ता या धक्क्यापर्यंत मोटारीने यायचं, मोटार तिथेच ठेवायची आणि छोट्या बोटीने पलीकडे जायचं. पाणी ओलांडायला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाला मी हीच वाट सुचवेन, कारण वाटेत हवं तिथे थांबता येतं. एपिदाव्रोसचं प्राचीन नाट्यगृहही याच बाजूला आहे, पण त्याच्या पायऱ्या आईला चढायला लावू नका, खालून बघू दे. कोस्ताच्या धक्क्यावर समुद्री टॅक्सीही मिळतात, पण त्या लहान होड्या असतात आणि धक्क्यावरून आत उतरावं लागतं. आईसाठी मोठी बोटच बरी.

एक जपायचं. वारा फार वाढला की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात. याला तिकडे 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा शब्द धक्क्यावर कानावर आला की समजायचं, आज निघणं नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीच बेट सोडू नका. आदली रात्र अथेन्सला काढा.

बोट दापियाच्या धक्क्याला लागते. दापिया म्हणजे जुन्या तोफांचा चौथरा, आता तिथे कॅफे आहेत. तिथून हॉटेल चालत चार-पाच मिनिटांवर. पण जमिनीवर काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी आहे. डोळ्यांना फार सुंदर, चाकाच्या बॅगेला आणि दुखऱ्या गुडघ्याला वाईट. बोटीची वेळ हॉटेलला आधी कळवून सामान न्यायला कुणाला तरी बोलवा आणि आईला घोडागाडीत बसवा. भाडं आधी ठरवा. भर उन्हात मात्र घोड्यांना जुंपायला लावू नका, थोडं थांबून निघा.

जिन्यांचं म्हणाल तर पुढच्या चौकातून व्हरांड्यावर यायलाच पायऱ्या आहेत. माझी खोली पहिल्या मजल्यावर होती आणि मी हौसेने जिनाच वापरला, त्यामुळे माझा अनुभव आईच्या कामाचा नाही. हॉटेलला तीन गोष्टी लिहून विचारा: चौकापासून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, न्हाणीघरात टबमध्ये पाय उचलून जावं लागतं की सपाट जागा आहे, आणि धरायला दांडी आहे का. जुन्या इमारतींत दोन खोल्या कधी सारख्या नसतात. 'सोय आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा मागा.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. बेटावर मासळीशिवाय काही मिळेल का, की उपाशी राहू?

अजिबात उपाशी राहणार नाही. मीही शाकाहारी आहे आणि ग्रीसमध्ये माझं पोट जितकं सुखात होतं तितकं परदेशात क्वचित असतं. कारण त्यांचे उपवास. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात उपवासाचे दिवस इतके आहेत की बिनमांसाचा एक सगळा स्वयंपाक पिढ्यान् पिढ्या तयार झाला आहे. मेनूत 'लादेरा' बघा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेल्या भाज्या. 'फासोलाकिया' म्हणजे टोमॅटोतल्या हिरव्या शेंगा, 'ब्रिआम' म्हणजे वांगी-बटाटा-झुकिनी भट्टीत भाजलेली, 'गिगांतेस' म्हणजे मोठाले पांढरे घेवडे, 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा. 'होर्ता' म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू पिळून. ती मी रोज खाल्ली. ब्रेड मागितला नाही तरी येतो आणि बहुधा त्याचे थोडे पैसे बिलात लागतात. ती फसवणूक नाही, पद्धत आहे.

'निस्तीसिमो' हा शब्द पाठ करा: उपवासाचं. हा शब्द उच्चारला की मांस, अंडं, दूध, चीज सगळं आपोआप वगळलं जातं. पण सावध राहा, त्यांच्या उपवासाला कोळंबी, माकूळ आणि ऑक्टोपस चालतो! म्हणून पुढे 'होरिस थालासिना' जोडा, म्हणजे समुद्रातलं काही नको. भरलेल्या टोमॅटोत, 'येमिस्ता'त, कधी नुसता भात असतो, कधी खिमा. दर वेळी विचारा. पालकाच्या 'स्पानाकोपिता'त चीज असतं आणि पुष्कळदा अंडंही.

हॉटेलचा स्वतःचा मळा आहे आणि तिथली भाजी ताटात येते. टोमॅटो कापल्यावर त्याचा वास टेबलभर पसरला, ते मी विसरणार नाही. गोडात 'आमिग्दालोता' घ्या. बदामाची ही मिठाई या बेटाची खास, वरून पांढरी पिठीसाखर. खाताना बोलू नका, साखर उडते. सोबत कुणी मासे खाणारं असेल तर त्यांनी टोमॅटो, लसूण, पार्सली घालून भट्टीत भाजलेला 'आ ला स्पेत्सिओता' मासा मागवावा. पदार्थच या बेटाच्या नावाचा.

आम्ही दोघी मैत्रिणी नुकत्या नोकरीला लागलो आहोत. सप्टेंबरमध्ये ग्रीसला जाणार, पण या हॉटेलात राहणं आमच्या आवाक्यात नाही. नुसतं आत जाऊन बघू देतात का? आणि बेटांवर अशी दुसरी हॉटेलं आहेत का?

मुलींनो, बिनधास्त जा. व्हरांड्यावर कॉफी प्यायला खोली घ्यावी लागत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जा, नीट कपडे घाला, पोहण्याच्या ओल्या कपड्यांत नको. एक कॉफी तिथे गावातल्यापेक्षा महाग पडेल, पण त्या एका कॉफीवर दीड तास बसा. उठताना स्वागतकक्षातल्या माणसाला विचारा की आत जरा बघू का. मी विचारलं तेव्हा त्यांना आनंदच झाला.

सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर तारखा जुळवा. ८ सप्टेंबर १८२२ रोजी इथल्या समुद्रात ऑटोमन आरमाराशी लढाई झाली. कोस्मास बार्बात्सिस या खलाशाने दारूगोळ्याने भरलेली पेटती होडी शत्रूच्या प्रमुख जहाजावर नेली आणि आरमार मागे फिरलं. बेटावर अशीही गोष्ट सांगतात की मागे राहिलेल्यांनी किनाऱ्यावरच्या झुडपांना लाल टोप्या घातल्या, म्हणजे लांबून सैन्य उभं आहे असं वाटावं. ८ तारखेच्या जवळच्या शनिवार-रविवारी 'अर्माता' साजरा होतो: खोटं जहाज बांधून पाण्यात पेटवतात, फटाके उडतात, हजारोंनी लोक येतात. मी गेले ते त्यानंतरच्या आठवड्यात, आणि दोन मुलगे धक्क्यावर अजून 'आमचं जहाज जळालं' असं खेळत होते. त्या दिवसांत बेटावर खोली मिळणं मुश्कील, तेव्हा पलीकडे पोर्तो हेली किंवा कोस्ताला राहा आणि रात्रीच्या शेवटच्या बोटीची वेळ पोचल्याबरोबर धक्क्यावर विचारून ठेवा.

बुबुलिनाच्या घरात आता संग्रहालय आहे, तिचे वंशजच ते चालवतात. ते दापियाच्या जवळच आहे. बाल्तिझाच्या जुन्या बंदरात अजूनही लाकडी होड्या बांधतात, तिथे रंध्याचा आवाज येतो. पश्चिमेला थोडं चाललं की आनारगिरोसच्या नावाची निवासी शाळा लागते. १९२७ साली इंग्रजी पब्लिक स्कूलच्या नमुन्यावर ती सुरू झाली, आता तिथे वर्ग भरत नाहीत. हॉटेल, जंगल आणि शाळा एकाच दिवशी पायी बघता येतात, म्हणून राहायला न मिळाल्याचं फार मनाला लावून घेऊ नका.

दुसरं म्हणाल तर ऱ्होड्स बेटावरचं 'ग्रांदे अल्बेर्गो देल्ले रोझे', गुलाबांचं मोठं हॉटेल. ते बेट इटलीच्या ताब्यात असताना, १९२७ साली फ्लोरेस्तानो दि फाउस्तो आणि मिकेले प्लातानिया या वास्तुविशारदांच्या आराखड्यावरून बांधलं. १९४९च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी इस्रायल आणि इजिप्तच्या प्रतिनिधींना याच हॉटेलात बसवलं. २४ फेब्रुवारीला युद्धविरामावर सह्या झाल्या आणि पुढच्या वर्षी बंच यांना शांततेचं नोबेल मिळालं. आता तिथे कॅसिनो आहे. मी बाहेरून दोन फेऱ्या मारल्या आणि परत आले. आत यंत्रांचे दिवे लुकलुकत होते आणि मला वाटाघाटीचं ते टेबल डोळ्यांपुढे आणता येईना. तुम्हाला जमलं तर मला जरूर कळवा. स्पेत्सेसच्या व्हरांड्यावर बसलात तर चौकाच्या बाजूचं शेवटचं टेबल मागा. तिथून बुबुलिनाचा पुतळाही दिसतो आणि कोस्ताकडून येणारी बोटही.